मॅटर साफ करताना

लेखकाची फाइल आली की मी ती लगेच वाचायला घेत नाही. आधी वर्डमध्ये एफ-१२ दाबून तिची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवते, म्हणजे मूळ फाइलला हात लागत नाही. मग कंट्रोल आणि शिफ्ट धरून वरच्या ओळीतला आठचा आकडा दाबते. एरवी दिसत नाही ते सगळं पडद्यावर येतं. प्रत्येक मोकळ्या जागेवर बारीक ठिपका, टॅब मारला असेल तिथे बाण, एंटर मारला असेल तिथे उलट्या इंग्रजी पीसारखं परिच्छेदाचं चिन्ह, शिफ्ट-एंटर असेल तिथे कोपऱ्यात वळलेला छोटा बाण.

पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी, संपादन, पानं लावणं ही कामं मी पुण्यात बरीच वर्षं करते आहे. श्रावण सरत आला की अंकांचं मॅटर यायला लागतं. डीटीपी करणारे आम्ही सगळे लेखकाच्या मजकुराला मॅटरच म्हणतो. प्रत्येकाचं मॅटर वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या सवयीनं तयार झालेलं असतं. ते पानावर जाण्याआधी एकसारखं करून घेणं हे काम कुणाला दिसत नाही, अंकाच्या श्रेयनामावलीतही त्याला जागा नसते. मला मात्र तो संपादनाचाच भाग वाटतो, आणि तो कसा करावा याबद्दल माझं मत ठाम आहे. सरसकट पुसत सुटणारा माणूस लेखकाचं नुकसान करतो. लेखकानं अर्थासाठी केलेली मांडणी कुठली ते आधी ओळखायचं, ती सुरक्षित करायची आणि मगच बाकीची काढायची.

ठिपके आणि बाण दिसू लागले की लिहिणारा माणूसही थोडाफार कळायला लागतो. सरकारी कचेरीत हयात घालवलेले एक काका दरवर्षी कथा पाठवतात. त्यांच्या प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच ठिपके असतात, शीर्षक मध्यावर आणण्यासाठी ठिपक्यांची लांब ओळ असते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर असतो. टंकलेखन यंत्रावर ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि कॅरेज हातानं ढकलून पुन्हा ओळीच्या सुरुवातीला आणावी लागायची. काकांच्या बोटांनी ती शिस्त संगणकावरही सोडलेली नाही. ठिपके पाचच, कधी चार नाहीत की सहा नाहीत. अशी फाइल साफ करायला सोपी जाते, कारण तिच्यातली अडचण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी असते.

फोनवर लिहिणाऱ्यांचं तसं नसतं. तिथे दर वाक्यानंतर एंटर, कधी दोन, कधी तीन. व्हॉट्सॲपवर शब्द ठळक करायला त्याच्या दोन्ही बाजूंना तारका देतात, त्या तारका तशाच्या तशा फाइलीत येतात. संकेतस्थळावरून उचललेल्या उताऱ्यांत ठिपक्याऐवजी अंशाच्या चिन्हासारखं बारीक वर्तुळ दिसतं. ती न तुटणारी मोकळी जागा असते. तिच्या दोन्ही बाजूंचे शब्द एकमेकांना सोडत नाहीत आणि ओळ भलत्याच ठिकाणी मोडते. पीडीएफमधून उचललेलं मराठी सगळ्यांत वाईट. ओळ संपते तिथे वाक्य तुटतं आणि ऱ्हस्व वेलांटी बऱ्याचदा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ते मॅटर साफ करत बसण्यापेक्षा लेखकाकडे मूळ फाइल मागावी. ती नसेल तर नव्यानं टाइप करून घ्यावं. कमी वेळ लागतो.

एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याची सोय लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात घडवली. त्या सोयीनं लिहिण्याचं काम बदलून गेलं. पण आज मजकूर चिकटतो तो आपला फॉन्ट, आकार, रंग आणि समास सोबत घेऊनच. म्हणून मी लेखकांना सांगते की चिकटवताना नुसतं कंट्रोल-व्ही करू नका. वर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कंट्रोल-शिफ्ट-व्ही आहे, त्यानं फक्त अक्षरं येतात. जुन्या आवृत्तीत कंट्रोल-ऑल्ट-व्ही दाबून समोर आलेल्या यादीतून साधा मजकूर निवडावा लागतो. निम्मा कचरा इथेच अडतो.

वर्डमध्ये मांडणीचे थर असतात, आणि ते समजल्याशिवाय साफसफाईच्या कळा नुसत्या पाठ करून उपयोग नाही. सगळ्यांत खाली असते स्टाइल. मुख्य मजकुराचा फॉन्ट कुठला, आकार किती, ओळींमध्ये अंतर किती, हे सगळं तिथे एका नावाखाली ठरलेलं असतं. तिच्यावर लेखकानं हातानं केलेले बदल चढतात. तेही दोन तऱ्हांचे. काही अक्षरांचे, म्हणजे ठळक, तिरकं, रंग, फॉन्ट, आकार. काही परिच्छेदाचे, म्हणजे समास, पहिल्या ओळीची सुरुवात, आधीनंतरची जागा. कंट्रोल-स्पेस अक्षरांवरचे बदल उतरवतं आणि कंट्रोल-क्यू परिच्छेदावरचे. कंट्रोल-शिफ्ट-एन परिच्छेदाला थेट नॉर्मल स्टाइल लावतं. परिच्छेदाची मांडणी त्याच्या शेवटच्या चिन्हात साठवलेली असते. म्हणून ते चिन्ह पुसलं की दोन परिच्छेद जोडले जातात आणि दोहोंपैकी एकाची मांडणी नाहीशी होते. ही एक गोष्ट ज्याला समजली त्याला वर्डमधली अर्धी कोडी सुटतात.

कुठला बदल कुठल्या थरातला हे कळत नसेल तर कर्सर तिथे नेऊन शिफ्ट-एफ-१ दाबावं. बाजूला एक पट्टी उघडते आणि त्या अक्षरावर काय काय चढलेलं आहे ते तिथे वाचायला मिळतं. १९८०च्या दशकात ज्यांनी वर्डपरफेक्टवर काम केलं, त्यांना अशा तपासणीची सवय होती. 'रिव्हील कोड्स' उघडलं की मजकुरातली प्रत्येक आज्ञा शब्दांच्या ओळीतच दिसायची. वर्डची रचना वेगळी असल्यामुळे तसं चित्र इथे मिळत नाही, पण तपासण्यापुरतं शिफ्ट-एफ-१ पुरतं.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. तिथे हातानं केलेली मांडणी काढायला कंट्रोल-एम आहे. वर्डच्या सवयीनं तिथे कंट्रोल-क्यू दाबलंत तर प्रोग्रामच बंद होऊ लागतो. मॅकवर मराठी टाइप करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. तिथे कंट्रोल-स्पेस ही जोडी बहुधा कीबोर्डची भाषा बदलायला ठेवलेली असते, म्हणून आधी मॅकच्या सेटिंगमध्ये जाऊन ती मोकळी करावी लागते.

आता मोहाची जागा. कंट्रोल-ए, कंट्रोल-स्पेस, कंट्रोल-क्यू. फाइल दोन सेकंदांत गुळगुळीत. नव्यानं कामाला आलेली मुलं ही तीन पावलं पहिल्या दिवशी शिकतात आणि त्यांना वाटतं काम झालं. काय काय गेलं ते मी त्यांना दाखवते.

पहिल्यांदा जातात तळटिपांचे आकडे. मजकुरात वर चढवलेला छोटा आकडा कंट्रोल-स्पेसनं खाली उतरतो आणि शेजारच्या अक्षराच्या ओळीत बसतो. इतिहासावरच्या लेखात १९४२ या सालावर तिसरी तळटीप असली, तर वाचकाला एकोणीस हजारांचा आकडा दिसतो. यावर उपाय आहे. शोधा-बदला उघडून शोधायच्या चौकटीत कॅरेट-एफ (कॅरेट म्हणजे ^ हे चिन्ह) टाकायचं, बदलायच्या चौकटीत कॅरेट-अँड टाकायचं, म्हणजे जे सापडेल तेच परत ठेव, आणि त्याला तळटिपेच्या आकड्याची स्टाइल द्यायची. सगळे आकडे पुन्हा वर चढतात. पण पानाच्या तळाशी घातलेला लेखकाचा मजकूर, म्हणजे प्रत्यक्ष तळटिपा, कंट्रोल-ए करूनही निवडल्या जात नाहीत. त्या जुन्याच फॉन्टात राहतात. कर्सर तळटिपांत नेऊन तिथे वेगळं कंट्रोल-ए करावं लागतं. छापून आलेल्या पुस्तकांत मुख्य मजकूर एका फॉन्टात आणि टिपा दुसऱ्याच फॉन्टात दिसल्या, तर त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं.

दुसरा धोका मराठीला खास आहे. युनिकोड आपल्याकडे रुळण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत टाइप होत असे. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख, शिवाजी, अशी अनेक नावं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरलं होतं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या आधीच्या रूपावरूनच घेतलेली होती. पण छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत काम चाललं ते त्या जुन्या फॉन्टांवर. विंडोज २००० नंतर साध्या संगणकावर देवनागरी युनिकोडमध्ये लिहिता येऊ लागली. त्या विंडोजसोबत आलेला मंगल हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला. जुन्या फॉन्टातल्या मजकुरात आतून रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात, फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. त्याच्यावर कंट्रोल-स्पेस दाबलं की फॉन्ट निघतो आणि वाक्याच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं यांचा ढीग उरतो. लगेच कंट्रोल-झेड केलं तर परत येतं. फाइल तशीच जतन करून बंद केली आणि मूळ प्रत ठेवलेली नसली, तर कुठला उतारा कुठल्या फॉन्टात होता हे अक्षरांवरून ओळखत बसायची वेळ येते.

ज्येष्ठ लेखकांच्या फाइलींत दोन्ही प्रकार एकत्र असतात. वीस वर्षांपूर्वीची प्रकरणं श्रीलिपीत, नवी युनिकोडमध्ये. अशा वेळी शोधा-बदलामध्ये फॉन्टचं नाव देऊन जुना भाग आधी शोधायचा, तो परिवर्तकातून काढून युनिकोडमध्ये आणायचा, आणि मगच सगळ्याला एकत्र हात लावायचा. हा क्रम चुकवू नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोकणातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं आत्मकथन माझ्याकडे आलं होतं. दोनेकशे पानं. ठिकठिकाणी वाक्यंच्या वाक्यं ठळक, आणि काही तिरकी. अवतरणचिन्हं जवळजवळ नाहीत. माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलीनं सगळं निवडून बोट स्पेसबारवर नेलं होतं. मी तिला थांबवलं आणि दोन प्रकरणं वाचून काढायला सांगितलं. वाचल्यावर ती म्हणाली, "ताई, ठळक आहे ते सगळं आईचं बोलणं आहे. आणि तिरकं आहे ते बाई मनात म्हणतायत."

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हो, मुद्दामच केलंय. आई मोठ्यानंच बोलायची. तिचं बोलणं पानावरही तसं दिसायला हवं. आणि मी तेव्हा काही बोलू शकत नव्हते, ते सगळं तिरकं."

त्या फाइलीत दोन माणसांचे आवाज केवळ अक्षरांच्या जाडीवरून आणि कलण्यावरून वेगळे झाले होते. कंट्रोल-स्पेसनं ते एकमेकांत मिसळले असते आणि मुलीच्या तोंडी आईची वाक्यं गेली असती. व्याकरण कुठेच बिघडलं नसतं, त्यामुळे प्रूफ वाचणाऱ्यालाही कळलं नसतं.

अशा मॅटरसाठी पद्धत अशी. कंट्रोल-एच दाबून शोधा-बदलाची खिडकी उघडायची. शोधायची चौकट रिकामी ठेवायची आणि कर्सर तिथेच असताना कंट्रोल-बी दाबायचं. चौकटीखाली ठळक अशी नोंद उमटते, म्हणजे आता शब्द कुठलाही असो, ठळक असेल तेवढं शोधलं जाईल. बदलायच्या चौकटीत दोन चौकोनी कंस, मग कॅरेट-अँड, मग दोन बंद होणारे कंस. सगळीकडे बदल असं सांगितलं की प्रत्येक ठळक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना कंसाची खूण बसते. तिरक्यासाठी कंट्रोल-आय आणि महिरपी कंस. ठळक भाग परिच्छेद ओलांडून पुढे गेला असेल तर बंद करणारी खूण पुढच्या ओळीत जाऊन पडते. ती हातानं मागे आणावी लागते, म्हणून खुणा घातल्यावर फाइल एकदा वरून खालपर्यंत पाहायचीच. आता अर्थ मांडणीतून निघून साध्या अक्षरांत उतरला. यानंतर खुशाल कंट्रोल-ए आणि कंट्रोल-स्पेस. खुणांना धक्का लागत नाही.

या खुणांचा आणखी एक लाभ आहे. पुस्तकात त्या आवाजांचं काय करायचं हे नंतर शांतपणे ठरवता येतं. देवनागरीत तिरक्या अक्षराची स्वतःची परंपरा नाही. संगणक सरळ अक्षर नुसतं कलंडवतो, शिरोरेषेखालची ओळ वाचताना डोळा अडखळतो. दोनशे पानांच्या पुस्तकात ती तिरपी वाक्यं मला नको होती. बाईंशी बोलून आम्ही आईचं बोलणं अवतरणचिन्हांत घेतलं आणि बाईंच्या मनातलं बोलणं स्वतंत्र परिच्छेदात, थोडा समास सोडून ठेवलं. महिरपी कंस शोधत शिफ्ट-एफ-४ दाबत गेलं की एकामागून एक जागा समोर येत जाते, शोधायची खिडकी पुन्हा उघडावी लागत नाही. प्रत्येक जागा वाचून बदलली. व्हॉट्सॲपच्या तारकांनाही मी आता कचरा मानत नाही. लेखकानं नकळत माझं काम केलेलं असतं, ती खूणच असते.

एंटरचं काम वेगळ्या तऱ्हेचं. काकांच्या कथेत प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर आणि परिच्छेद संपला की दोन. इथे सगळे एंटर काढले तर सबंध कथा एका परिच्छेदात जाते. म्हणून आधी जोडीनं आलेले, म्हणजे कॅरेट-पी कॅरेट-पी, शोधून त्यांच्या जागी मजकुरात कुठेच नसलेली एखादी खूण ठेवायची. मी तीन हॅश घालते. मग उरलेल्या एकेकट्या कॅरेट-पीच्या जागी एक स्पेस. शेवटी हॅशच्या जागी पुन्हा कॅरेट-पी. त्यानंतर दोन स्पेसच्या जागी एक स्पेस, हा बदल शून्य सापडले असं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा. स्वल्पविरामाआधीची, प्रश्नचिन्हाआधीची आणि पूर्णविरामाआधीची जागा काढायची. परिच्छेदाच्या सुरुवातीला उरलेली जागा काढायची. हे सगळं मिळून चहा निवायच्या आत होतं.

पण मध्येच कविता असली तर? काकांच्या कथांत अभंगाच्या ओळी येतात, जात्यावरच्या ओव्या येतात. त्यांच्या प्रत्येक ओळीनंतरही एकच एंटर असतो. वर सांगितलेला बदल आंधळेपणानं चालवला की ओवी गद्य होऊन बसते आणि तिच्या ओळी कुठे मोडत होत्या हे कळायला मूळ प्रत धुंडाळावी लागते. म्हणून बदल सुरू करण्याआधी फाइल चाळून पद्य असलेल्या जागा शोधायच्या, तेवढाच भाग निवडायचा आणि निवडलेल्या भागापुरतं कॅरेट-पीच्या जागी कॅरेट-एल करायचं. कॅरेट-एल म्हणजे शिफ्ट-एंटर. ओळ मोडते, परिच्छेद मोडत नाही. मग बाकीच्या मजकुरावर काहीही चालवा, कवितेच्या ओळी जागच्या हलत नाहीत. निवडताना मी माउस घेत नाही. कंट्रोल आणि खालचा बाण परिच्छेदापरिच्छेदानं पुढे नेतो, सोबत शिफ्ट धरलं की तेवढं निवडलं जातं. ओवी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे त्या ओघातच वाचून होतं.

मराठी अक्षरांची आणखी एक साफसफाई आहे, आणि तिच्यात चुका करणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवत किंवा हिंदीसारखा 'ऍ' वापरत. तिन्ही प्रकार आजही फाइलींत येतात. पहिले दोन तर पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं. एकानं शोधलं की दुसरं सापडत नाही, आणि सूची करताना एकाच नावाच्या तीन नोंदी होतात. अक्षरानंतर लगेच कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की त्याचा क्रमांक दिसतो, पुन्हा दाबलं की अक्षर परत येतं. संशय आला की मी हेच करते.

विसर्गाचंही तसंच. 'दुःख', 'स्वतः', 'विशेषतः' यांत बरेच जण विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करतात. सरसकट सगळे अपूर्णविराम बदलले तर संवादापुढचे आणि वेळेतले अपूर्णविरामही विसर्ग होतात. म्हणून शब्दांची यादी ठेवून एकेक शब्द बदलायचा.

आणि मग अदृश्य चिन्हं. रफार वेगळा आणि 'ऱ्या'मधला आडवा र वेगळा. हा आडवा र टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत नुक्त्याचा ऱ वापरतात, दुसरीत साध्या र आणि हलन्तानंतर शून्य रुंदीचं जोडचिन्ह घालतात. ते चिन्ह पडद्यावर दिसत नाही. 'फाइलीतली सगळी अदृश्य चिन्हं काढून टाका' असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. इंग्रजी मजकुराला तो चालतो. मराठीत त्यानं 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. गिर्यारोहणावरच्या लेखात सह्याद्रीच्या दऱ्यांऐवजी समुद्र येतो. 'आचाऱ्यांना बोलावलं' असं लग्नाच्या वर्णनात असेल तर 'आचार्यांना बोलावलं' होतं, आणि दोन्ही वाक्यं शुद्ध असल्यामुळे कुठलाही शुद्धलेखन तपासनीस हरकत घेत नाही. जोडचिन्हाचा र मी नुक्त्याच्या ऱमध्ये बदलून घेते, सगळ्या फाइलीत एकच रीत ठेवते, आणि त्यानंतरच उरलेल्या अदृश्य चिन्हांकडे वळते.

या सगळ्या पावलांचा एकच मॅक्रो करून एका कळीवर ठेवता येतो. मी तो ठेवलेला आहे, पण त्यात फक्त निर्धोक कामं आहेत. जादा स्पेस, विरामचिन्हांआधीची जागा, न तुटणाऱ्या जागांच्या ठिकाणी साध्या जागा, अशी. ठळक, तिरकं, एंटर, तळटिपा, आडवा र, यांपैकी काहीही मी मॅक्रोवर सोपवत नाही. ती पावलं हातानं टाकते, क्रमानं टाकते. कीबोर्डवरून काम केल्यानं वेळ वाचतो हे खरं आहे, पण माझ्या दृष्टीनं त्याचा खरा उपयोग वेगळा. माउस घेऊन वरच्या पट्टीवर बटण शोधायला गेलं की नजर मजकुरावरून उठते. बोटं कळांवर असली की नजर वाक्यावरच राहते. एफ-४ दाबून आधीची कृती पुन्हा करता येते, शिफ्ट-एफ-५ दाबून मघाशी जिथे बदल केला तिथे परत जाता येतं, आणि या येण्याजाण्यात मॅटर एकदा वाचून झालेलं असतं. नंतर प्रूफ वाचायला बसते तेव्हा लेखकाची वाक्यं ओळखीची झालेली असतात. एखादा परिच्छेद दोनदा चिकटवला गेला आहे, एखाद्या पात्राचं नाव मध्येच बदललं आहे, अशा गोष्टी मला या टप्प्यावर सापडतात, प्रूफात नाही.

काम शिकवताना मी मुलांना कळांचा तक्ता देत नाही. एक छोटी फाइल देते. तिच्यात अभंग, तळटिपा, एक जुन्या फॉन्टातला उतारा, दोन पात्रांचं ठळक-तिरकं बोलणं आणि दऱ्याखोऱ्यांचं वर्णन आहे. ती साफ करून आणा म्हणते. अभंग अभंग राहिला, दऱ्या दऱ्या राहिल्या आणि आकडे वर राहिले, की त्या मुलाच्या हातात लेखकाची फाइल द्यायला हरकत नाही.

लिहिणाऱ्यांना एक विनंती. फाइल पाठवण्याआधी ती सजवू नका. रंग, चौकटी, वेगवेगळे फॉन्ट, मध्यावर आणण्यासाठी मारलेल्या स्पेस यांतलं काहीही पुस्तकात जात नाही. पण ठळक किंवा तिरकं मुद्दाम केलं असेल तर फाइलीच्या पहिल्या पानावर दोन ओळींत तसं लिहा. कवितेची ओळ मोडताना शिफ्ट-एंटर वापरा. जुन्या फॉन्टात काही असेल तर त्या फॉन्टचं नाव कळवा. एवढं केलंत की पुढचं आम्ही पाहून घेतो.